सुरू होईना, बंद होईना

दारव्ह्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत जुन्या डिझेल जीपांची कामं जास्त येतात, कारण वेचायला निघालेल्या बाया थांबून राहत नाहीत. त्या दिवशी एक जीप ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. मालक वैतागलेला. "भाऊ, हे गाडी सकाळी सुरू होत नाई, अन् एकदा सुरू झाली का मंग बंद होत नाई!"

इंजिन सुरू करणारी मोटर, म्हणजे सेल्फ, कण्हत कण्हत फिरायचा, म्हणून रोज बायाच धक्का मारायच्या. आणि डिझेल तोडून इंजिन बंद करायला डॅशवर जी ओढायची केबल असते, ती अडकलेली. थांबायचं म्हणजे टॉप गियरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडायचा, की इंजिन गचका खाऊन मरायचं. केबल आधी एकदा बदलून झाली होती. सेल्फलाही ब्रश-बुश नवे. बॅटरी तर कोरी करकरीत. आता फक्त गाडीच बदलायची राहिली होती.

केबल मिस्त्रीचं काम, म्हणून मी सेल्फपासून सुरुवात केली. पोऱ्याला किल्ली फिरवायला सांगितली आणि मीटर लावला. सेल्फ फिरताना बॅटरीच्या खुंट्यांवर 11 व्होल्ट, पण सेल्फच्या बोल्टपासून त्याच्या अंगापर्यंत जेमतेम 7. मधले 4 व्होल्ट गेले कुठे? प्लसची जाड केबल तपासली, तिथे नावापुरता फरक. मग एक सुई इंजिनच्या ब्लॉकवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर ठेवली. किल्ली फिरवली तर साडेतीनच्या वर. चांगल्या गाडीत इथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको.

तेवढ्यात पोऱ्या ओरडला, "उस्ताद, धूर!" धूर डॅशमधून येत होता, त्या केबलच्या तोंडातून. हात लावला तर चटका.

दोन्ही तक्रारी तिथेच एक झाल्या. बॅटरीचा मायनस चासीला असतो, आणि इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे करंटच्या हिशोबाने चासीपासून तोडलेलंच. त्याचा मायनस चासीला जोडणारी जाड पट्टी गायब होती. मागे क्लचच्या कामाला इंजिन उतरवलं तेव्हा ती परत लावायची राहिली असणार, कारण बोल्टाचं भोक रिकामं होतं. नाला बुजला की पाणी दुसऱ्याच्या वावरातून वाट काढतं. सेल्फचा शंभराच्या वरचा अँपियर डिझेल पंपापासून डॅशपर्यंत जाणाऱ्या लोखंडी केबलमधून परतत होता. आतलं प्लॅस्टिक वितळायचं, तार चिकटायची. डायनामोही इंजिनवरच, म्हणून चार्जिंगचा करंटही त्याच वाटेने जायचा आणि बॅटरी कधी पोटभर भरायची नाही.

खात्रीसाठी जंपर केबलने ब्लॉक थेट बॅटरीच्या मायनसला जोडला. सेल्फ असा फिरला की मालक दचकून मागे सरला.

वेल्डिंगच्या जाड केबलला दोन्हीकडे लग, म्हणजे बोल्टात बसणारी टोकं, दाबली, चासीवरचा रंग-गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं, 0.2 व्होल्ट. ओढायची केबल मात्र नवीच घालावी लागली.

पैसे मोजता मोजता मालकाने विचारलं, "मंग माही जुनी बॅटरी खराब नोती काय?"

ती त्याने नवी घेताना बदल्यात देऊन टाकली होती. तपासल्याशिवाय कसं सांगणार, पण बहुतेक नव्हती.