पर्थ ते लंडन : अंतर जमले, वेळ जमेना

दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश दिले की त्यांच्यातील अंतर आणि प्रवासाचा वेळ काढून देणाऱ्या माझ्या स्प्रेडशीटमध्ये अंतराचा भाग एकदाचा मार्गी लागला आहे. चाचणीसाठी पर्थ आणि लंडनचे हीथ्रो ही जोडी घेतली. २०१८ च्या मार्चमध्ये या दोन शहरांदरम्यान थेट उड्डाणे सुरू झाल्यामुळे उत्तर प्रत्यक्ष वेळापत्रकाशी ताडून पाहता येते.

सुरुवातीला उत्तर काही केल्या जुळेना. पर्थचे अक्षांश ३१ अंश ५६ मिनिटे दक्षिण आहेत आणि मी रकान्यात सरळ उणे ३१.५६ भरले होते. मिनिटांना ६० ने भागायचे राहिले, त्यामुळे विमानतळ जागचा उठून सुमारे ४१ किलोमीटर उत्तरेला जाऊन बसला. दक्षिण अक्षांशासाठीचे उणे चिन्ह तेवढे आठवणीने दिले होते, हीच काय ती जमेची बाजू.

चूक सुधारल्यावर, पृथ्वी चेंडूसारखी नेमकी गोल मानून दोन बिंदूंमधले अंतर काढणाऱ्या हॅवरसाइन सूत्राने, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून, अंतर १४,५०८ किलोमीटर आले. ध्रुवांकडील चपटेपणा हिशेबात घेणाऱ्या, १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिन्सेंटी यांच्या पद्धतीने ते १४,४९९ भरते. म्हणजे गोलाने अंतर ९ किलोमीटर वाढवले. न्यूयॉर्क-लंडनच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडते : गोल ५,५४० सांगतो, तर चपट्या पृथ्वीवरील अंतर सुमारे ५,५५५ आहे. यावर माझी दोन रात्री डोकेफोड झाली. अक्षांशाचा एक अंश विषुववृत्तापाशी ११०.६ किलोमीटरचा, तर ध्रुवापाशी १११.७ किलोमीटरचा असतो आणि गोल मात्र सगळीकडे १११.२ धरून चालतो. पर्थहून निघालेला मार्ग विषुववृत्त तिरका ओलांडत असल्याने तेथे गोल जास्त मोजतो. न्यूयॉर्कचा मार्ग बराचसा पूर्व-पश्चिम आणि वरच्या अक्षांशांतून जातो, जेथे पृष्ठभागाची वक्रता त्या दिशेने गोलापेक्षा सौम्य असते, म्हणून तेथे तो कमी मोजतो. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवर असलेल्या बिंदूंसाठी व्हिन्सेंटींच्या पद्धतीतील आवर्तने (उत्तर स्थिरावेपर्यंत पुन्हा पुन्हा करायची तीच आकडेमोड) थांबतच नाहीत, तेव्हा तशा जोड्या तूर्त वगळल्या आहेत.

वेळेचे गणित मात्र अडले आहे. ताशी ९०० किलोमीटर धरल्यास पर्थ-लंडन १६ तास ७ मिनिटांत व्हायला हवे. वेळापत्रकात जाताना १७ तासांहून अधिक दिसतात आणि परतीला त्याहून कमी. वेळापत्रक गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा वेळ मोजते, हे एक कारण. दुसरे आणि मोठे कारण म्हणजे जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचीवर पश्चिमेकडून वेगाने वाहणारे वारे. फेब्रुवारी २०२० मध्ये एका प्रवासी विमानाने न्यूयॉर्क-लंडन अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापले, तेथे माझा तक्ता ६ तास ९ मिनिटे सांगतो. वाऱ्याचा आकडा दिशेनुसार द्यावा लागणार, म्हणून वेळेच्या एका रकान्याचे आता जाण्याचा आणि येण्याचा असे दोन केले आहेत; दोन्ही अजून रिकामे आहेत.