अख्खी ट्राम सोडून दांडाच का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. माझ्या टेबलावर विजेच्या ट्रामच्या टपावरच्या दांड्याची छोटी प्रतिकृती आहे: वीतभर लांबीचा पितळी दांडा, त्याच्या टोकाला वाटाण्याएवढं चाक आणि बुडाशी स्प्रिंगांची चौकट. तो बघून बहुतेक जण विचारतात, बाकीची ट्राम कुठे आहे? आणि एवढाच भाग करायचा, तर धातूचा कशाला? थ्रीडी प्रिंटरवर सहज निघेल की.

बाकीची ट्राम मला करायचीच नाही. विजेच्या ट्रामचा जीव या दांड्यात असतो. मुंबईत १८७४ पासून घोडे ट्राम ओढत होते. डबा, बाकं, रूळ हे सगळं तेव्हाही होतंच. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली तेव्हा टपावर नवीन दिसला तो तारेला खालून टेकून पळणारा दांडा. वीज तारेतून दांड्यात, तिथून मोटारीत आणि चाकांमधून रुळावाटे परत. अमेरिकेत रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग यांनी १८८८ मध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली आणि मग ती जगभर पसरली. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. कोलकात्यात मात्र दोरी ओढून दांडा पुन्हा तारेवर बसवणारा कंडक्टर त्यानंतरही कितीतरी वर्षं दिसत राहिला.

दांडा तारेला चिकटून राहतो तो निव्वळ स्प्रिंगांच्या जोरावर. गाडी डुलते, तार कुठे वर असते, पुलाखाली तर बरीच खाली येते. दांडा खाली दाबला गेला की स्प्रिंग जास्त ताणली जाते, म्हणजे जोर वाढायला हवा. पण बुडाची रचना अशी असते, की त्याच वेळी स्प्रिंग ज्या तरफेला ओढते तिचा हात आखूड होतो. एक वाढतं, दुसरं घटतं, आणि तारेवरचा दाब दहा-बारा किलोच्या आसपास टिकून राहतो. काय डोकं लावलंय बघा! आकृतीत हे समजतं, पण पटतं ते बोटानं दांडा खाली दाबल्यावर. प्लास्टिकचा दांडा आधी स्वतःच वाकतो, आणि वीज तर नेतच नाही. म्हणून धातू.

मी १:१६ हे प्रमाण धरतो. १४३५ मिलिमीटर गेजचे (म्हणजे एवढ्या अंतरावरचे) रूळ त्यात सुमारे ९० मिलिमीटरवर येतात आणि बारा फुटी दांडा वीतभर होतो. मापं सगळी सोळानं भागता येतात, जोर मात्र तसा भागला जात नाही. स्प्रिंग हुबेहूब सोळापट लहान केली तर तिचा जोर सोळाच्या वर्गानं, २५६ पट कमी होतो, म्हणजे चाळीसेक ग्रॅम उरतो. वजनं मात्र सोळाच्या घनानं, ४०९६ पट कमी झालेली असतात. त्या हिशोबानं तारेवरचा दाब तीन ग्रॅमच्या आत हवा. चाळीस ग्रॅम जोरानं दाबणारा दांडा मॉडेलवरची अर्ध्या मिलिमीटर जाडीची विजेची तारच वर उचलून धरतो. यावर उपाय फार सुंदर आहे: लहान केलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवायची आणि स्प्रिंगची तार निम्म्या जाडीची घ्यायची. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो, त्यामुळे जाडी निम्मी केली की जोर बरोबर सोळापट उतरतो. मी मात्र दाब तीन ग्रॅमहून थोडा जास्तच ठेवतो, कारण इतक्या हलक्या स्पर्शात वीज नीट जात नाही, ठिणग्या उडतात.

दांडा बुडाशी जाड आणि शेंड्याशी बारीक असतो. शेंडा हलका असला की तारेचे चढउतार तो चटकन पकडतो. मी एकात एक बसणाऱ्या पितळी नळ्यांना डाख देतो आणि लेथवर (धातू फिरवून कापायच्या यंत्रावर) फिरवत कानशीनं उतार आणतो. चाकाच्या दोन्ही बाजूंना फॉस्फर ब्राँझ या लवचीक मिश्रधातूच्या पातळ पट्ट्या टेकलेल्या असतात. वीज मुख्यतः त्यांच्यातून जावी, आसावर भार येऊ नये, म्हणून. खऱ्या चाकातही तशाच पट्ट्या असायच्या.

तुमच्यापैकी कुणाला करून बघायचं असेल तर चाकापासून सुरुवात करा. साधारण ८ मिलिमीटरचा, लेथवर चांगला कापला जाणारा पितळी रॉड घ्या. तांबं नको, ते हत्याराला चिकटतं. बाहेरचा व्यास, तार बसायची खाच आणि आसाचं भोक हे सगळं एकाच पकडीत करा, रॉड मध्ये सोडवू नका, आणि पार्टिंग टूल (चाक रॉडपासून कापून वेगळं करणारं हत्यार) अगदी शेवटी लावा. भोक जरा जरी बाजूला गेलं तरी चाक तारेखाली उड्या मारतं. खाचेच्या तळाशी हत्याराची रेघ राहू देऊ नका, तार तिथेच झिजते.