बॉर्नहोमची माती आणि वासेगोरबाईंचा हात

बॉर्नहोम बेट डेन्मार्कचं, पण कोपनहेगनहून तिथे जाण्याची सोयीची वाट स्वीडनमधून जाते. समुद्रावरच्या पुलाने माल्मो, तिथून इस्टाड बंदर आणि पुढे वेगवान बोटीने साधारण सव्वा तास. बोटीवरची अर्धीअधिक मंडळी सायकली घेऊन निघालेली. मी निघाले होते मातीची भांडी बघायला. हे ऐकून शेजारच्या आजोबांना काडीचंही नवल वाटलं नाही. 2017 मध्ये जागतिक हस्तकला परिषदेने या बेटाला हस्तकलेचा प्रदेश म्हणून मान दिला, तो उगाच नाही.

मला ओढ होती कुंभारकाम करणाऱ्या गेर्ट्रूड वासेगोर यांची. जन्म 1913, गाव बेटावरचं मुख्य शहर रोन्ने. आजोबा लाउरिट्स योर्ट यांनी 1859 मध्ये इथे भांड्यांचा कारखाना काढला, वडील हान्स तोच चालवायचे. क्रिस्टलगेड नावाच्या रस्त्यावरचा तो कारखाना आता संग्रहालय झालाय, पण शोकेसमध्ये बंद झालेलं नव्हे. तळमजल्यावर चाकं फिरतात, फळ्यांवर कच्ची भांडी वाळत असतात आणि ओल्या मातीचा वास जिन्यापर्यंत येतो. योर्टांचं स्टोनवेअर पूर्वी औषधांच्या दुकानांतही जायचं, बरण्यांच्या रूपात.

स्टोनवेअर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. साधारण 1250 ते 1300 अंशांवर भाजलेली माती दगडासारखी घट्ट होते आणि पाणी पीत नाही. बेटाला निसर्गानेही हात दिलाय. इथला ग्रॅनाइट लाखो वर्षांत कुजून त्याचं केओलिन झालं, म्हणजे पोर्सेलिनला लागणारी पांढरी माती. रोन्नेभोवती ती खणून काढत.

असं सगळं घरात असताना मुलगी कारखान्यातच राहिली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. पण त्या कोपनहेगनला शिकायला गेल्या आणि पुढे आक्सेल साल्टो या नामवंत कुंभारांकडे, साक्सबोच्या कार्यशाळेत काम केलं. साक्सबो ही नाताली क्रेब्स या रसायन अभियंता बाईंची. तिथल्या झिलईचं, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत लेपाचं, तेव्हा मोठं नाव होतं. साल्टोंची भांडी अंकुर फुटल्यासारखी, काटे आल्यासारखी, बघणाऱ्याच्या अंगावर धावून येणारी. मला ती फार वेळ सोसत नाहीत, हे इथेच सांगून टाकते. शिष्येने गुरूचा हा सोस मुळीच उचलला नाही, आणि माझ्या मते तिथेच त्या मोठ्या ठरल्या.

1933 मध्ये थोरली बहीण लिस्बेथसोबत त्यांनी बेटावरच्याच गुडयेम गावी कार्यशाळा थाटली. मीही रोन्नेहून बसने तिथे गेले. गाव उतारावर, खाली बंदर, धुरांड्यांतून हेरिंग मासा भाजल्याचा वास. राईच्या पावावर तो धुरी दिलेला मासा आणि वर कच्च्या अंड्याचा पिवळा बलक, ही इथली खासियत. बलकाला मी जरा बिचकले, मग दोन खाल्ले. लिस्बेथचे पती कवी गुस्टाफ मुंक-पेटर्सन इथेच राहिले आणि 1938 मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात मारले गेले. त्यांची मुलगी उर्सुला पुढे स्वतः नामवंत कुंभार झाली. या घराण्यात माती काही सुटत नाही!

गेर्ट्रूडबाईंचं काम जवळून बघायचं तर वाडग्याच्या काठाशी वाकायला हवं. ओल्या मातीवर कोरलेल्या रेघा, त्रिकोण, चौकटी. मोजून आखल्यासारख्या, पण पट्टी लावलेल्या नव्हेत. झिलई खाचेत साचते तिथे गडद, कंगोऱ्यावरून ओघळते तिथे विरळ, आणि त्या विरळ जागी खालच्या मातीचा तांबूस रंग डोकावतो. जुन्या चिनी भांड्यांचा अभ्यास दिसतो, नक्कल दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या बिंग अँड ग्रोन्डाल या पोर्सेलिनच्या कारखान्यात गेल्या. 1956 चा वेताच्या मुठीचा त्यांचा चहाचा संच तिथलाच, आणि 1957 मध्ये मिलानच्या त्रिएनाले या कला-प्रदर्शनात सुवर्णपदक. असं नाव झाल्यावर माणूस कारखान्यात पाय रोवून बसतो. बाईंनी 1959 मध्ये तो सोडला आणि मुलगी म्यूरेसोबत फ्रेडरिक्सबर्गला स्वतःची कार्यशाळा काढली. कारखान्यांसाठी आखणी चालूच राहिली: रॉयल कोपनहेगन या पोर्सेलिन कारखान्यासाठी गेमा, गेमिना आणि पुढे कापेला हे भांड्यांचे संच. पण आता रोजची माती त्यांची स्वतःची होती. 2007 मध्ये त्या गेल्या.

कोपनहेगनला परतल्यावर जुन्या वस्तूंच्या एका दुकानात गेमिनाचा कप हाती लागला. दुकानदाराने सांगितलेली किंमत रुपयांत करून पाहिली आणि कप बशीवर अलगद परत ठेवला. जाणार असाल तर उन्हाळ्यातच जा. थंडीत बेटावरच्या बऱ्याच कार्यशाळांना कुलूप असतं.