पोरगा सहा फुटी आहे, हाय जम्पला घालू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. परवा दुकानात बल्बचा होल्डर घेता घेता विचारलंत ना, "दादा, तुम्ही खेळायचात म्हणे, आमचा नववीतला पोरगा सहा फूट झालाय, हाय जम्पला घालू का, करिअर आहे का त्यात?" तेव्हा गिऱ्हाईक होतं म्हणून नुसतं "बघू" म्हणालो, पण हा प्रश्न मला टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपपासून महिन्यातून दोनदा तरी येतो, त्यामुळे एकदाच सविस्तर.

हे सगळं सर्वेश कुशारेमुळे. निफाड तालुक्यातलं देवगाव, शेतकऱ्याचा पोरगा, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये हाय जम्पच्या फायनलला गेला, तिथपर्यंत जाणारा पहिला भारतीय, २.२८ मीटर मारून सहावा आला. आपलं नाशिक म्हणजे पळणाऱ्यांचं, कविता राऊत झाली, संजीवनी जाधव झाली, मधेच दत्तू भोकनळने होडी वल्हवून सगळ्यांना चकित केलं, पण उडी मारणारा एवढ्या वर जाईल असं आमच्यासारख्या जुन्या उडीवाल्यांनाही वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

आता त्याचे आकडे नीट बघा. २०२२ च्या गुजरातच्या नॅशनल गेम्समध्ये त्याने २.२७ मारली होती. टोकियोत २.२८. तीन वर्षं, एक सेंटीमीटर! करंगळीचं नख ठेवून बघा, तेवढं. आणि ती तीन वर्षं काही बसून काढलेली नाहीत, २०२३ ला बँकॉकला एशियन चॅम्पियनशिपचं सिल्व्हर आहे, २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिक आहे आणि तिथे २.१५ वरच अडकून क्वालिफिकेशनमधूनच घरी परत येणंही आहे. तेजस्विन शंकरचा नॅशनल रेकॉर्ड २०१८ चा, २.२९, म्हणजे टोकियोत तोही पुन्हा एका सेंटीमीटरवर राहिला. करिअर विचारताय ना, ते हे असं असतं.

उंचीचं म्हणाल तर ती लागते, नाही असं नाही, पण स्वीडनचा स्टेफान होल्म १.८१ चा होता, म्हणजे पाच फूट अकरा, तुमच्या पोरापेक्षा कमीच, आणि त्याने २००४ चं ऑलिम्पिक गोल्ड घेतलं, पुढच्या वर्षी इनडोअरला २.४० मारली. त्यामुळे सहा फूट ऐकून मी खूश होत नाही. मी विचारतो पोरगा पडतो कसा.

हसू नका. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकला अमेरिकेच्या फॉसबरीने आडव्या बारकडे पाठ करून उडी मारून गोल्ड नेलं तेव्हापासून सगळं जग पाठीवर पडतं, आणि पाठीवर पडायला खाली गादी लागते. माझ्या शाळेत वाळूचा हौद होता, वाळूवर पाठ कोण टाकणार, म्हणून अकरावीपर्यंत मी कात्रीच, म्हणजे एकेक पाय बारवरून टाकून पायावर उतरायची जुनी उडी, मारत राहिलो आणि ती सवय पायातून शेवटपर्यंत गेली नाही. देवगावात गादी नव्हती तर मक्याचा भुसा वगैरे भरून पोरांसाठी तयार केली गेली, सर्वेश त्यावर पडायला शिकला. लोक ही गोष्ट गरिबीची म्हणून सांगतात, मला ती टेक्निकची वाटते. त्या भुशाने त्याची चार-पाच वर्षं वाचवली असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी सगळ्यात चांगली उडी म्हणाल तर १.८३. दोन सीझन १.८६ च्या मागे होतो, मग टेक ऑफच्या पायाचा गुडघा गेला आणि मी काउंटरच्या मागे आलो. शेवटची तीन-चार पावलं वळणावर पळत येऊन सगळा वेग एका पायावर थांबवायचा असतो, त्याचं बिल गुडघा आणि घोटाच भरतात.

अजूनही शालेय स्पर्धा असल्या की मीनाताई ठाकरे स्टेडियमला माप धरायला जातो. चार मीटरचा बार मधे जरासा झोल खातो म्हणून माप मधोमध घ्यायचं. मागच्या वेळी एका पोराची टाच १.६१ ला लागली, बार थरथरला, पोरगं मॅटवर उताणं पडून मान वर करून बघत होतं, मीपण बघत होतो, राहिला बार. त्याची आई शेजारून मला विचारते, "सर, याचे ग्रेस मार्क मिळतील ना?"

मार्क मिळतात हो, लेव्हल बघून. नोकरीत राज्य सरकारचं पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे, आर्मी, रेल्वे आहे, सर्वेश स्वतः आर्मीतच आहे. पण नुसतं त्यासाठी पोराला घालणार असाल तर दुसरा एखादा खेळ बघा, इथे वर्षाला एक सेंटीमीटर वाढला तरी पार्टी द्यावी लागते.

तर रविवारी सकाळी सातला त्याला ग्राउंडवर पाठवा. टाचेला खिळे असलेले महागडे शूज आत्ताच घेऊ नका, साधे चालतील, पहिला महिना मी बार लावणारच नाहीये, नुसता वळणावर पळवणार आहे. आणि त्याच्या हातून आपला होल्डर घेऊन जा, पैसे देऊन काउंटरवरच विसरलात.