डब्यातलं पाखरू

शनिवार, रात्र. दिवसभर पाऊस, घोडबंदर रोडला जायचा प्लॅन कॅन्सल, मग म्हटलं तांदूळ तरी निवडू. मे महिन्यात गावाहून आणलेला आंबेमोहोर, डबा उघडला तर दाणे एकमेकांना चिकटून गुठळ्या झालेल्या, जाळीत दोन पांढरट अळ्या, आणि एक मळकट राखाडी पाखरू फडफडत थेट ट्यूबलाइटकडे. इतकी वर्षं मला वाटायचं सोंडे किडे आणि पाखरं एकच खानदान, पण ही चक्क पतंगाची जात.

कराडच्या मामाला फोटो पाठवला तर लगेच फोन, "अगं हा कोरसायरा, याची अंडी आम्ही पैसे देऊन आणतो!" मला वाटलं चेष्टा करतोय. नाही म्हणे, उसाला खोडकिडा लागतो ना, त्यासाठी ट्रायकोकार्ड मिळतात. लॅबमध्ये ज्वारी-मक्याच्या भरड्यावर ही पाखरं मुद्दाम वाढवतात, अंडी गोळा करून अल्ट्राव्हायोलेट लाइटखाली धरतात म्हणजे आतली अळी मरते, पण अंडं कामाचं राहतं. मग ती कार्डावर चिकटवून ट्रायकोग्रामा नावाच्या गांधीलमाशीसमोर ठेवतात, ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे रव्याच्या कणाएवढी. ती आपलं अंडं पाखराच्या अंड्यातच घालते, तिचं पिल्लू ते आतून खातं, चार दिवसांत अंडं काळं पडतं. कार्डाच्या पट्ट्या कापून उसाच्या पानाखाली लावल्या की माश्या बाहेर पडतात आणि शेतात खोडकिड्याची अंडी शोधत फिरतात. मामा हे सगळं इतक्या कौतुकाने सांगत होता की माझ्या तांदळाचं काय हे विचारायचंच राहिलं.

आई असती तर उन्हात घाल म्हणाली असती, पण ऊन कुठंय. अर्धा तांदूळ फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीवर कोंबला, बाकीचा फेकला. (फेकताना जीवावर आलं, किलोचा भाव आठवून.)

पाखरू अजून ट्यूबलाइटपाशीच आहे. मोठं झाल्यावर ते काही खातच नाही म्हणे, जे काय हादडायचं ते अळी असताना, मग थोडेच दिवस जगतं. मारणार होते, तेवढ्यात मामाचं शेवटचं वाक्य आठवलं, मादी रात्रीच अंडी घालते आणि शंभरच्या वर घालते. आता साडेअकरा वाजलेत आणि मी रव्याचा डबा चाळत बसलेय.