टाहोत पोहता येतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

मे उजाडला की फोन सुरू होतात. फ्रिमाँटहून, सनीव्हेलहून, कधी थेट पुण्याहून, मुलाकडे यायला निघालेल्या कुणाच्या तरी आईबाबांचे. "तुम्ही तिकडे जवळ राहता ना, लेक टाहोत पोहता येतं का हो?" हो म्हटलं तर मंडळी टॉवेल, पोहायचे कपडे भरून मोकळी. नाही म्हटलं तर लगेच, "अहो, फोटोत तर लोक पोहताना दिसतात!" आणि "कधी येताय त्यावर आहे" म्हटलं की मी भाव खातेय असं वाटतं. म्हणून एकदा काय ते सविस्तर लिहिते.

पोहता येतं. मीही पोहते. पण कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरचं हे तळं १,९०० मीटर उंचीवर आहे आणि सगळ्यात खोल जागी ५०० मीटर खोल. एवढं पाणी असल्यामुळे ते हिवाळ्यात गोठत नाही, आणि त्याच कारणाने उन्हाळ्यात चटकन तापतही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरचं पाणी ५ अंशांच्या आसपास असतं. जूनच्या सुरुवातीला तुम्ही टीशर्टवर फिरता, तेव्हा पाणी जेमतेम १२-१३. खरं पोहण्याजोगं, म्हणजे १८ ते २०, ते जुलैअखेरीस आणि ऑगस्टमध्ये होतं. तेही वरवरचंच, खाली खोलात बारा महिने ५ अंशच. सप्टेंबरात लोकांच्या अंगात स्वेटर असतात तरी पाणी जूनपेक्षा बरं असतं, पण हे आजवर एकालाही पटवता आलेलं नाही. त्यात इथले आकडे फॅरनहाइटमध्ये. "पाणी ५५ आहे म्हणे," असं मला एकाने खुशीत सांगितलं होतं. ५५ म्हणजे तेच आपले १३.

किंग्ज बीचला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. तिथे पाणी दूरपर्यंत उथळ आहे, वाळू तापलेली असते. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून "काही एवढं गार नाहीये" असा निकाल देऊ नका. गुडघ्यांना पोहायचं नसतं.

आता भाऊजींचं सांगते, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी ते त्यांच्याच तोंडून ऐकलंय आणि त्यांच्या गोष्टीत मी भित्री वहिनी आहे.

भाऊजी सांगलीचे. आयर्विन पुलावरून कृष्णेत उड्या मारत वाढलेले, पुराच्या पाण्यातही. जूनचा पहिला आठवडा होता, आकाश निळंशार, वारा नाही, हवा २४ अंश. आम्ही एका लाकडी धक्क्यावर बसलो होतो. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. मी आदल्या रात्री जेवताना सांगितलं होतं, गाडीतून उतरताना पुन्हा सांगितलं होतं: उडी मारायची नाही, शिडीने हळूहळू उतरा. ते म्हणाले, "वहिनी, नदीत पोहलोय मी, बाथटबमध्ये नाही." आणि शर्ट काढून सरळ सूर मारला.

वर आले तेव्हा तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. पोहत नव्हते ते. हात पाण्यावर आपटत होते, मान मागे टाकलेली, आणि छाती भात्यासारखी चाललेली. आम्हाला वाटलं मस्करी करतायत. माझा नवरा तर हसला. मी ओरडले, "पाठीवर पडा! हालचाल करू नका!" पण ऐकू येत असावं असं वाटेना. शिडी हाताच्या अंतरावर होती. शेवटी पॅडलबोर्डवरून चाललेल्या एका मुलीने वल्हं पुढे केलं, त्यांनी ते धरलं, तिने शिडीपर्यंत ओढत आणलं. शिडीची दांडी पकडायला बोटं मिटेनात, म्हणून कोपर अडकवून लटकले. नवऱ्याने काखेत हात घालून वर घेतलं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं असतील. धक्क्यावर बसल्यावर पहिलं वाक्य आलं, "श्वासच घेता येईना गं." मला कधी "गं" न म्हणणारा माणूस.

त्या रात्री सांगलीला फोन झाला. आई मला म्हणाल्या, "तुला सगळं ठाऊक होतं तर अडवायचं नाहीस का?" अडवलं होतं! पंचेचाळिशीच्या गड्याला दंडाला धरून बसवायचं होतं का मी? अजूनही हे लिहिताना चिडचिड होते.

झालं काय, तर १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम पडलं की शरीर आपल्याला न विचारता मोठा श्वास आत ओढतं, मग धाप लागते. तो पहिला श्वास पाण्याखाली असताना ओढला गेला, तर पट्टीचा पोहणारा आणि न पोहणारा सारखेच. मिनिट-दोन मिनिटांत धाप ओसरते. पुढच्या दहाएक मिनिटांत हातापायांतला जोर जातो. अंग गारठून शुद्ध हरपायला त्याहून बराच वेळ लागतो, म्हणजे लोक ज्याला घाबरतात ते सगळ्यात शेवटी येतं. कृष्णेतल्या सरावाचा यात काडीचा उपयोग नाही. थंड पाण्याचाच सराव असेल तर थोडा होतो.

"मग सरळ ऑगस्टमध्ये या म्हणावं ना." म्हणायचे मी. मंडळाच्या ग्रुपवर "ऑगस्टमध्ये बिनधास्त या" असं लिहिणारी मीच. तेव्हा मी फक्त कॅलेंडर बघत होते, वारा नाही. नैर्ऋत्येचा जोराचा वारा एक-दोन दिवस टिकला की वरचं तापलेलं पाणी पूर्वेच्या, म्हणजे नेवाडाच्या, काठाकडे ढकललं जातं, आणि पश्चिमेच्या काठाला खालचं गार पाणी वर येतं. एकदा भर उन्हाळ्यात शुगर पाइन पॉइंटला मी नेहमीसारखी शिरले आणि चार हातांवरून परत फिरले. काल जिथे मुलं डुंबत होती तिथे पोटऱ्या ठणकत होत्या. त्याच दुपारी पूर्वेला सँड हार्बरला लोक मजेत पोहत होते. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे तरंगते बोये या तळ्यात आहेत, ते तापमान मोजतात, मी आकडे बघते. पण बोया आहे तिथलं पाणी म्हणजे तुमच्या काठाचं पाणी नव्हे.

घाबरवते म्हणता? २१ जून २०२५ ला, शनिवारी दुपारी, याच तळ्यावर अचानक वादळ उठलं, लाटा आठ फुटांपर्यंत गेल्या, बोट उलटून ८ जण गेले. आणि तरीही मी पोहते, आणि पुतणीला घेऊन जाते. हे दोन्ही एकत्र कसं बसतं ते मला नीट सांगता येत नाही, आणि येत नाही म्हणून एकाला मुरड घालणार नाही.

यंदा भाऊजी पुन्हा येतायत, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. "आता तर चालेल ना?" असा मेसेज आलाय. मी लिहिलं, सकाळी जायचं, वारा सुटायच्या आत, शिडीने, लाइफ जॅकेट घालून. जॅकेटवरून आमचं भांडण चालू आहे.