तुम्ही विचारलंत म्हणून: अशोक सराफ बघायचे कुठून?

प्रश्न दर वेळी वेगळ्या तोंडून येतो, पण असतो एकच. कुणाची मुलं परदेशात वाढलेली असतात, कुणी नुकताच मराठी सिनेमा बघायला लागलेला असतो, कुणाला मीम्स पाठ असतात पण त्यामागचा सिनेमा माहीत नसतो. सगळे विचारतात: अशोक सराफांच्या इतक्या भूमिकांतल्या लक्षात राहण्यासारख्या कोणत्या? आणि सुरुवात कुठून करायची?

उत्तर म्हणून लोक झटकन यादी देतात. यादी चुकीची नसते, पण ती हातात घेऊन बसलेला माणूस तिसऱ्या सिनेमाला कंटाळतो, कारण नेमकं काय बघायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आधी ते सांगते.

अशोक सराफ पडद्यावर सर्वांत चांगले असतात ते खोटं बोलताना. त्यांच्या गाजलेल्या भूमिका आठवून बघा. बहुतेक सगळी माणसं काहीतरी लपवतायत, कुणाचं तरी सोंग वठवतायत, किंवा एक थाप निस्तरायला दुसरी मारतायत. अशा भूमिकेत साधा नट थाप मारून मोकळा होतो. अशोकमामा थाप मारतात आणि लगेच ती मनात नोंदवून ठेवतात: कुणाला काय सांगितलं, उरलं काय, उद्या काय सांगावं लागेल. हा हिशेब त्यांच्या डोळ्यांत दिसतो. ते स्टेट बँकेत नोकरी करत होते, हे या बाबतीत मला कायम समर्पक वाटत आलंय.

सुरुवात ‘अशी ही बनवाबनवी’पासूनच करा (1988, दिग्दर्शक सचिन). सगळे तेच सांगतात म्हणून नाक मुरडू नका. हृषीकेश मुखर्जींच्या 1966 मधल्या ‘बीवी और मकान’वर बेतलेली ही गोष्ट: पुण्यात राहायला जागा मिळेना, लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यात फक्त जोडप्यांना प्रवेश, म्हणून चौघांपैकी दोघे बायका होतात. सचिनची सुधा आणि लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती. साडी, केसांचा टोप, चालणं-लाजणं, हशा वसूल करायची सगळी साधनं या दोघांकडे. धनंजय मानेंच्या, म्हणजे अशोक सराफांच्या, वाट्याला शर्ट-पँट आणि जबाबदारी. लीलाबाईंसमोर ते नवरा, दुकानात मालकीणबाईंच्या, म्हणजे अश्विनी भावेंच्या, प्रेमात पडलेला नोकर, आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटू नयेत ही धडपड. विनोदाचं ओझं उचलणारा माणूस असा मधोमध उभा असतो.

म्हणून हा सिनेमा दोनदा बघा. पहिल्यांदा सगळे बघतात तसा. दुसऱ्यांदा समोरचा बोलत असताना नजर मानेंवरच ठेवा. पार्वती काही भलतंच बोलून जाते, हशा तिला मिळतो, आणि त्याच क्षणी मानेंच्या चेहऱ्यावर एकामागून एक तीन गोष्टी होतात: दचकणं, सावरणं, आणि समोरच्याला हे पटलं की नाही याची चाचपणी. तिसरी गोष्ट महत्त्वाची. पहिल्या दोन कुणालाही जमतात.

या सिनेमातले 70 रुपये तुम्हाला माहीत असतील. घरमालक सरपोतदार (सुधीर जोशी) यांच्याकडून इस्राईलच्या औषधासाठी घेतलेले पैसे. औषध आणणारा माणूस वारला आणि त्याच्याबरोबर 70 रुपयेही वारले. गॅदरिंगला हा प्रसंग करणारी पोरं हमखास एकच चूक करतात. ‘वारले’ला आवाज चढवतात, वर प्रेक्षकांकडे बघतात. मूळ प्रसंगात तो शब्द दुखवट्याच्या सुरात येतो. मानेंना खरंच वाईट वाटलंय, निदान सरपोतदारांना तसं दिसायला हवं. विनोद त्या गांभीर्यात आहे. गांभीर्य काढून घेतलं की उरतात फक्त 70 रुपये. दुसरी गोष्ट, समोर सुधीर जोशी आहेत. पैसे गेल्याचं दुःख त्यांनी तितकंच प्रामाणिकपणे केलं नसतं, तर मानेंची थाप हवेत राहिली असती. फार्समध्ये फसवणाऱ्याइतकाच फसणारा नट पक्का लागतो. संवाद वसंत सबनीसांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणारा हात आहे तो. वगातल्या सवाल-जवाबासारखं वाक्य टाकायचं आणि झेलायचं, एकही वाक्य एकट्याने उभं राहत नाही. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ या साध्या चौकशीची आज म्हण झालीय, तीही शब्दांमुळे नव्हे. ती कुठल्या दारात, कुठल्या वेळी केली गेली त्यामुळे.

यानंतर ‘धूमधडाका’ (1985). महेश कोठारेंनी तमिळ ‘काथलिक्क नेरमिल्लै’वरून केलेला. यात अशोक सराफ मित्रासाठी खोटा श्रीमंत बाप होतात: यदुनाथ जवळकर. आणि इथे येतं ते ‘व्याख्या विख्खी वुख्खू’. लोकांना तो तकियाकलाम, म्हणजे सवयीचं पालुपद, वाटतो. तो तकियाकलाम नाही, ठसका आहे. श्रीमंत बाप म्हणजे तोंडात पाइप हवा. पाइप ओढायची सवय नाही, म्हणून धूर घशात अडकतो. म्हणजे जे सोंग श्रीमंती दाखवायला आणलं, तेच सोंग खोटं असल्याची चुगली करतं. एका आवाजात अख्ख्या भूमिकेचं बिंग साठवलेलं आहे. नक्कल करणारे पाइप सोडून नुसते शब्द उचलतात आणि घाईने म्हणतात. मग ते ओरडणं होतं. ठसक्याला आधी श्वास अडकावा लागतो, मग तीन झटके, आणि नंतर काही झालंच नाही असा रुबाब. तो शेवटचा रुबाब विसरला की लाफ्टर मेला.

आता थोडं मागे. दादा कोंडकेंच्या ‘पांडू हवालदार’मध्ये (1975) अशोक सराफ सखाराम हवालदार आहेत. पांडू भोळा आणि सचोटीचा, सखाराम हात ओला करून घेणारा. दादांसमोर उभं राहणं सोपं नव्हतं. तिथे सगळं दादांच्या तालावर चालायचं, आणि सोबतचा नट एक तर त्यांची नक्कल करू लागतो किंवा दिसेनासा होतो. सराफांनी दोन्ही टाळलं. दादा सैल, तर हे ताठ. दादा शब्दाशी खेळतात, सराफ शब्द साधाच टाकतात. हात पसरण्याआधी इकडेतिकडे बघून घ्यायची ती नजर पुढच्या सगळ्या थापाड्यांची मूळ पुंजी आहे. दोनच वर्षांनी, ‘राम राम गंगाराम’मधला म्हमद्या खाटीक. हे दोन बघितले की पुढचे माने कुठून आले ते कळतं.

मधल्या काळात ‘एक डाव भुताचा’ (1982) आहे. दिलीप प्रभावळकर आणि रंजना, आणि मदतीला धावून येणारं शिवकाळातलं भूत म्हणजे अशोक सराफ. या भूमिकेत थाप नाही, म्हणून ती मला वेगळी वाटते. भुताला लपवायचं काहीच नाही. लपवाछपवी भोवतालच्या जिवंत माणसांना करावी लागते. त्यामुळे एरवी दडपून ठेवलेला दांडगेपणा इथे मोकळा सुटलाय. लहान मुलांना दाखवायचा असेल तर सुरुवात यापासून केली तरी चालेल.

‘गंमत जंमत’ (1987) विसरू नका. श्रीमंताच्या मुलीला पळवून नेणारे दोघं, ज्यांना गुन्हा करण्याचं अंग नाही. वर्षा उसगावकरांचा हा पहिला मराठी सिनेमा. आणि ‘अश्विनी ये ना’ याच सिनेमातलं: आवाज किशोर कुमारांचा, पडद्यावर अशोक सराफ आणि चारुशीला साबळे. किशोर कुमारांच्या आवाजाला साजेसा चेहरा मिळणं ही अवघड गोष्ट, कारण तो आवाज स्वतःच इतका अभिनय करतो की पडद्यावरच्या नटाला काही उरत नाही. सराफ आवाजाशी स्पर्धा करत नाहीत. अंग हलू देतात, चेहरा बावळट आणि मनापासून ठेवतात.

‘आयत्या घरात घरोबा’तले (1991) गोपूकाका ही थापाड्यांमधली सर्वांत मऊ भूमिका. मालक परदेशात, बंगला रिकामा, आणि गोपूकाका त्यात हक्काने राहतायत. इथे चाचपणीची ती नजर जवळजवळ नाही. या माणसाने स्वतःलाच पटवून घेतलंय की कुणाचं काही नुकसान होत नाही. सखारामाची लबाडी पोटासाठी, मानेंची डोक्यावरच्या छपरासाठी. गोपूकाकांची थाप थेट जगण्याचं तत्त्वज्ञान झालीय. वयाने आलेली ही मवाळी नीट बघा.

थाप अजिबात नसलेल्या भूमिकाही आहेत, आणि त्या बघितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. ‘कळत नकळत’मध्ये (1989) संसार मोडायला आलेल्या घरातल्या लहान मुलीला ते हसवतात. ‘नाकावरच्या रागाला औषध काय’ हे गाणं त्यांनी स्वतःच्या आवाजात म्हटलंय. सूर गायकाचा नाही, आणि तसा नाही म्हणूनच तो घरातला वाटतो. ‘वेड’मध्ये (2022) ते बाप आहेत, मुलाच्या वाया चाललेल्या आयुष्याकडे बघणारे. तिथे विनोद तोंडी लावण्यापुरता.

हिंदीचं म्हणाल तर फार वेळ घालवू नका. ‘करण अर्जुन’मधल्या (1995) मुनशीचं ‘ठाकूर तो गियो’ लोकांच्या तोंडी बसलं, ‘यस बॉस’मध्ये (1997) मजा आहे, पण हिंदीने त्यांना कायम बाजूला उभं केलं. छोट्या पडद्यावर ‘हम पांच’ने त्यामानाने न्याय दिला, पाच मुलींच्या कचाट्यात सापडलेला बाप म्हणून. ‘सिंघम’ (2011) मात्र एका कारणासाठी बघा. गोव्यातल्या पोलीस ठाण्यातला हेड कॉन्स्टेबल. सखाराम हवालदाराला 36 वर्षं झाली होती. वर्दी तीच, पण आता पाठीचा कणा थकलेला, आणि नजर इकडेतिकडे फिरायची थांबलेली. दोन्ही सिनेमे लागोपाठच्या दोन संध्याकाळी बघा.

त्यांचे फसलेले सिनेमे कसे ओळखायचे, हेही बरेच जण विचारतात. पहिल्या दहा मिनिटांत ओळखता येतं. समोर तोलामोलाचा फसणारा नट नसेल, आणि दिग्दर्शक दर प्रसंगाच्या शेवटी कॅमेरा मामांच्या चेहऱ्यावर नेऊन ठेवत असेल, तर संहितेत विनोद नाही असं समजा. नुसत्या चेहऱ्यावर सिनेमा ओढायला सांगितला की तेसुद्धा डोळे मोठे करतात. डोळे मोठे झाले की बंद करा.

आणि एवढं सगळं बघायला वेळच नसेल, हाताशी एकच संध्याकाळ असेल, तर ‘नवरा माझा नवसाचा’ (2004) लावा. गणपतीपुळ्याला निघालेली एस.टी., आत नवस फेडायला निघालेलं जोडपं आणि नाना तऱ्हेची माणसं, आणि या सगळ्यांना सांभाळणारे कंडक्टर अशोकमामा. गाडी सुटल्यावर गोष्ट दुसऱ्यांची चालू असते, मागे हे आपले उभे. त्यांच्या हातांकडे बघा.